८० हजारांत ड्रमसेट: आधी सिंबल, लाकूड शेवटी

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. विचारणारे नाशिकचे, ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड) वाजवतात. आता त्यांना अकूस्टिक ड्रमसेट घ्यायचाय. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रोजचा रियाज करायचा आणि स्वतःच्या बँडची काही गाणी रेकॉर्ड करायची, असा बेत आहे. चार इनपुटचं ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) आणि कामापुरते माइक त्यांच्याकडे आहेत. ते सोडून बजेट ८० हजार. दुकानदार सात पीसचा नवाकोरा सेट दाखवतोय, वर सिंबल (धातूच्या थाळ्या) आणि स्टूल ‘फ्री’. हा सेट घ्यावा का, लाकूड कोणत्या जातीचं बघावं, आणि त्याच फेरीत डबल पेडलही (किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, दोन्ही पायांनी वाजवायला) उचलावं का, असं त्यांनी विचारलंय.

तो सेट घेऊ नका. दुकानदार फसवतोय असं मी म्हणत नाही, पण त्या किमतीत सात ड्रम बसवायचे तर कुठेतरी काटछाट होणारच, आणि ती नेमकी तुम्हाला सगळ्यात जास्त लागणाऱ्या वस्तूंवर होते. ‘पीस’ म्हणजे फक्त ड्रम मोजतात, सिंबल नाही. सात पीस म्हटलं की चार-पाच टॉम (किक आणि स्नेअर सोडून बाकीचे ड्रम) आले. त्यातले दोन तुम्ही गाण्यात एकदा, फिल (दोन ओळींमधली भरणी) घेताना वाजवणार, आणि हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी सिंबलची जोडी) मात्र पहिल्या मात्रेपासून शेवटपर्यंत. मग पैसा कुठे घालायचा?

माझा खरेदीचा क्रम असा आहे: सिंबल, स्नेअर (खाली तारा लावलेला ड्रम), पेडल, स्टूल, आणि मग उरलेल्या पैशांत बाकीचे ड्रम. कारण सरळ आहे. बरा वाटणारा कोणताही टॉम नवीन स्किन (ड्रमवर ताणलेला पडदा) आणि तासाभराच्या ट्यूनिंगने रेकॉर्डिंगच्या लायकीचा होतो. सिंबलला ट्यूनिंग नसतं. तो जसा ओतला किंवा कापला तसाच आयुष्यभर वाजणार. मिक्सिंगमध्ये किक आणि स्नेअरच्या जागी सॅम्पल (आधीच रेकॉर्ड केलेले आवाज) टाकता येतात, सगळेच टाकतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण वाईट हाय-हॅट प्रत्येक माइकमध्ये शिरलेला असतो, तो काढायला गेलात तर स्नेअरची चकाकीही जाते. आणि दुसरं असं की जॅमरूम (बँडच्या सरावाची भाड्याची खोली) असो, स्टुडिओ असो किंवा मोठा कार्यक्रम, ड्रम तिथले वापरायचे आणि सिंबल, स्नेअर, पेडल आपले घेऊन जायचं ही जगभरची पद्धत आहे. म्हणजे या तीन वस्तू तुमच्यासोबत फिरणार, बाकीचं खोलीत पडून राहणार.

आता सिंबलचं जरा नीट बघू. ‘फ्री’ मिळतात ते बहुतेक वेळा पितळी. नामांकित कंपन्यांच्याही अगदी सुरुवातीच्या मालिका पितळीच असतात: सेबियनची एसबीआर, माइनलची साधी एचसीएस, पाइस्टेची १०१. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. काठीचा घाव बसला की ताट पडल्यासारखा खणखणाट, आणि मागे राहतो तो एकाच सुराचा कर्कश धागा. त्यावरची पायरी कथिलाच्या काशाची. बी८ म्हणजे ९२ टक्के तांबं आणि ८ टक्के कथिल. सेबियन बी८एक्स, माइनलची एचसीएस ब्राँझ, पाइस्टेची पीएसटी ७ या वर्गातल्या. आवाज उजळ, थोडा टोकदार, पण संगीताच्या कामाचा. बी२० मध्ये कथिल २० टक्के. झिल्जियनची ए मालिका किंवा सेबियनची एक्सएसआर ही त्या मिश्रणाची, आणि त्यात एका घावात अनेक सूर मिसळलेले ऐकू येतात. नव्या बी२०चा पूर्ण संच तुमच्या बजेटला परवडणार नाही. जुन्यात एखादी जोडी नक्की सापडते.

मी तुमच्या जागी असतो तर सिंबलसाठी २८-३० हजार बाजूला काढून पहिल्यांदा फक्त दोनच गोष्टी घेतल्या असत्या: मिळेल तितका चांगला १४ इंची हाय-हॅट आणि २० इंची पातळ राइड (सतत लय धरायचा मोठा सिंबल), जी कडेला मारली की क्रॅशचंही (एकेका जोरदार घावाच्या सिंबलचंही) काम देईल. पैसे उरले तर १६ किंवा १८ इंची पातळ क्रॅश. ‘रॉक’, ‘हेवी’ असं छापलेले जाड सिंबल छोट्या खोलीसाठी नकोतच. ते जोरात मारल्याशिवाय खुलत नाहीत, आणि खुलले की लवकर थांबत नाहीत. जुना सिंबल घेताना उजेडात तिरका धरून कडेवरून नख फिरवा. बारीक चीर डोळ्याला दिसायच्या आधी नखाला लागते. मधलं भोक बघा. स्टँडवर रबरी नळी न घालता वाजवलेला असेल तर भोक एका बाजूला खाऊन लांबट झालेलं असतं. तेवढं चालेल, पण किंमत पाडून मागा. चीर असेल तर घेऊच नका, ती वाढत जाते.

स्नेअरच्या बाबतीत लाकडाचा हट्ट सोडा. १४ इंच व्यासाचा, साडेपाच किंवा साडेसहा इंच खोलीचा स्टीलचा स्नेअर स्वस्तात मिळतो आणि माइकपुढे छान उभा राहतो. असंख्य रेकॉर्डिंगवर वाजलेला लुडविगचा सुप्राफोनिक तरी कुठे लाकडी आहे, तो बव्हंशी अ‍ॅल्युमिनियमचाच. बघायचं ते खालच्या तारा सोडणारा-ओढणारा खटका सैल पडतो का, आणि तारांना गंज आहे का. तारा नव्या बसवणं किरकोळ खर्चाचं काम. खटका मात्र वाजवता वाजवता आपोआप सुटत असेल तर डोकं उठतं.

पेडल साखळीचं, साधं, पण सांध्यात डुगडुगणारं नको. स्टूलची उंची स्क्रूने बदलणारी हवी, खिळ घालून भोकाभोकांत बसवायची नको. पाठ तुमची आहे. या दोन्हींत कंजुषी केलीत तर दोन वर्षांनी फिजिओथेरपिस्टला द्याल, एवढंच सांगतो.

आता ड्रम. टॉमच्या आवाजात सर्वांत मोठा वाटा स्किनचा आणि ट्यूनिंगचा, मग मापाचा, मग लाकडाच्या (स्किन जिच्यावर टेकते त्या) कडेचा, आणि लाकडाची जात सगळ्यात शेवटी. दुकानात चर्चा नेमकी उलट्या क्रमाने चालते. तरी जात विचारलीत म्हणून सांगतो. स्वस्त वर्गात पॉप्लर असतं: पर्लचा रोडशो, टामाचा इम्पीरियलस्टार, यामाहाचा रायडीन. पॉप्लर वाईट नाही. बर्चमध्ये घावाची धार जास्त, मधला घुमारा कमी, त्यामुळे माइकपुढे ते कमी मेहनतीत बसतं. यामाहाचा स्टेज कस्टम बर्च सहा पदरी, सगळा बर्चचाच, आणि या किमतीच्या आसपास रेकॉर्डिंगसाठी मला तो सगळ्यात बिनचूक वाटतो. पर्लचा एक्सपोर्ट १९८२ पासून निरनिराळ्या रूपांत विकला गेलाय, त्यामुळे जुन्या बाजारात त्याचे नमुने भरपूर आणि सुटे भागही सहज मिळतात. ग्रेचचा कॅटलिना क्लब महोगनीचा, मऊ, जुन्या ढंगाचा आवाज. जॅझ-सोलकडे ओढा असेल तरच. लुडविगचा ब्रेकबीट्स फ्लॅटवाल्यांना मोह घालतो, कारण त्याचा किक फक्त १६ इंची. जागा वाचते, हेही खरं. पण तो स्टँडशिवाय येतो आणि एवढ्याशा किकमधून भरदार आवाज काढायला ट्यूनिंगचा हात बसलेला लागतो. पहिलाच सेट म्हणून मी तो सुचवणार नाही.

तुमच्यासाठी माप: २० इंची किक, १२ चा टॉम, १४ चा फ्लोअर टॉम (पायांवर जमिनीवर उभा राहणारा), आणि स्नेअर. चार पीस, बस. २२ इंची किक रंगमंचावर शोभतो. पण तुमची खोली अंदाजे १० बाय १०ची असणार, आणि तिथे भौतिकशास्त्र आडवं येतं. समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट अंतर असलं की साधारण ५६ हर्ट्झचा सूर त्या दोन भिंतींत अडकून फुगतो. खोली चौरस असली की दोन्ही दिशांनी तोच सूर फुगतो, आणि किकचा पाया नेमका त्याच पट्ट्यात. म्हणून चौरस बेडरूममध्ये किक कानाला प्रचंड वाटतो आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसता बदबद. सेट खोलीच्या बरोबर मधोमध मांडू नका, कोपऱ्यांत जुन्या गाद्यांच्या वळकट्या उभ्या करा, फरशीवर जाड सतरंजी टाका. फोमचे पातळ तुकडे भिंतीवर चिकटवून या सुराला काहीही होत नाही, ते फक्त वरच्या पट्टीतला चरचराट कमी करतात.

जुना सेट घ्यायचा असेल (आणि या बजेटमध्ये जुनाच घ्यावा असं माझं मत आहे) तर तो कुठून येतोय हे आधी विचारा. जॅमरूममधून निघालेल्या सेटच्या स्किन मेलेल्या असतात, पण ड्रम सहसा ठणठणीत, कारण ते जागचे हललेले नसतात. ऑर्केस्ट्रातला सेट तुम्ही माझ्याहून जास्त बघितलाय. रात्री दोनला टेम्पोत कसा कोंबला जातो ते माहीतच आहे. तिथे स्किन दाबून धरणाऱ्या रिंगा वाकलेल्या आणि स्टँडचे आटे गेलेले असायची शक्यता धरून चाला. मुंबई, वसई किंवा गोव्याच्या समुद्राजवळचा सेट असेल तर क्रोमवर पुटकुळ्या आलेल्या दिसतील. वरवरचा गंज चालतो. ताण देणारे रॉड मात्र एकेक करून पूर्ण काढून बघा. कोरडा झालेला रॉड शिवणयंत्राच्या तेलाच्या थेंबाने मोकळा होतो, आटे गेलेल्या लगवर (रॉड ज्यात आवळतो त्या भागावर) उपाय नाही.

लाकडाची कड तपासायला घरात एक उत्तम साधन आहे: स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा. विकणाऱ्याच्या घरी तोही असतो. दोन्ही स्किन काढून टॉम ओट्यावर पालथा ठेवा, दिवा बंद करा आणि आत मोबाइलचा टॉर्च लावून कडेभोवती बाहेरून बघत फिरा. कडेखालून उजेडाची रेघ दिसली तर तिथे कड बसकी आहे किंवा टवका उडालाय. केसाएवढी रेघ असेल तर दुर्लक्ष करा. कार्ड सरकेल एवढी फट असेल तर तो टॉम कधीही नीट सुरात बसणार नाही. मग टेपने व्यास तीन-चार ठिकाणी आडवा-उभा मोजा. फरक दोन-तीन मिलिमीटरहून जास्त भरला तर ड्रम लांबटला आहे, आणि स्किन अडकून बसेल. विकणारा स्किन काढू देत नसेल तर चहा घेऊन निघा.

सेट घरी आला की पहिलं काम म्हणजे सगळ्या वरच्या स्किन बदलायच्या. यासाठी आठ-नऊ हजार आधीच राखून ठेवा. टॉमला दोन पदरी घ्या, इव्हान्सची जी२ किंवा रेमोची एम्परर, दोन्हींत सात-सात मिलचे (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) दोन पदर. स्नेअरला एक पदरी खरखरीत, रेमोची कोटेड अँबॅसेडर, दहा मिलची. किकला इव्हान्सची ईमॅड किंवा रेमोची पॉवरस्ट्रोक ३. या सगळ्या प्लास्टिकच्या. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या आल्या नि ड्रमवाल्यांची पावसाळ्यातून सुटका झाली. तबलजी आणि ढोलकीवाले जुलैत अजूनही जे भोगतात ते आपल्याला भोगावं लागत नाही.

स्किन चढवताना घाई करू नका. जुनी काढली की कड सुक्या फडक्याने पुसा. नवी ठेवून रिंग बसवा, सगळे रॉड आधी फक्त बोटांनी, जिथे थांबतील तिथपर्यंत. मग चावीने अर्धा फेरा, आणि पुढचा रॉड शेजारचा नाही, समोरचा. दोन फेऱ्या झाल्या की तळहात मधोमध ठेवून अंगाचा भार द्या. कुरकुर आवाज येईल. तो डिंक सुटल्याचा असतो, घाबरू नका. आता सुरकुत्या दिसतील. जिथे सुरकुती तिथला रॉड पाव फेरा, असं करत पृष्ठभाग सपाट झाला की तोच तुमचा सगळ्यात खालचा सूर. मग एक बोट मधोमध अलगद टेकवून प्रत्येक रॉडपासून इंचभर आत काठीने टिचकी मारा आणि सगळीकडे एकच सूर येईपर्यंत ऐकत राहा. खालची स्किन वरच्यापेक्षा थोडी चढी ठेवा: सूर चटकन मारला जातो, जे छोट्या खोलीत हवंच असतं. दोन्ही सारख्या ठेवल्यात तर टॉम लांबत राहतो आणि खोली गढूळ होते. टॉम वाजवला की स्नेअरच्या तारा झणझणतात ना, ते पूर्णपणे कधीच जात नाही. टॉम अर्धा सूर वर-खाली करून बघा, निम्मं तरी कमी होतं. किकमध्ये उशी घालतात. मी एक जुनी गोधडी घडी करून दोन्ही स्किनना जेमतेम टेकेल अशी ठेवतो. पूर्ण भरलात तर नुसता पुठ्ठा वाजतो.

आता फ्लॅटचा कटू विषय. अकूस्टिक सेट साधारण १०० डेसिबलच्या वर वाजतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ ही मर्यादा आहे. म्हणजे सेक्रेटरी कितीही सज्जन असला तरी कायदा त्याच्या बाजूने आहे. घरी जाळीच्या स्किन आणि कमी आवाजाचे भोकांचे सिंबल लावा. रेमोची सायलेंटस्ट्रोक आणि झिल्जियनचे एल८० हे त्यातले नावाजलेले. झिल्जियनचा दावा ८० टक्क्यांपर्यंत आवाज कमी असा आहे. एवढ्यानंतरही खालच्या मजल्यावरून तक्रार आली तर ती किकची. तो हवेतून नाही, स्लॅबमधून जातो. त्याला उपाय म्हणजे दोन जाड प्लाय, खालच्याला वाटीएवढी भोकं पाडून त्यात टेनिस बॉल अडकवायचे, वरचा प्लाय त्यांच्यावर तोलायचा आणि त्यावर अख्खा सेट. सुतार एका दिवसात करून देतो. भिंतीला कुठेही टेकू देऊ नका.

पण सराव आणि रेकॉर्डिंगसाठी दर वेळी स्किन बदलत बसणार का? मला नाही वाटत. एक-दोनदा कराल आणि कंटाळाल. त्यापेक्षा घरी जाळी कायमची ठेवा, आणि गाणी बसली की जॅमरूम किंवा एखादा रिकामा हॉल दिवसभरासाठी घ्या. तिथला सेट वापरा, स्नेअर, सिंबल, पेडल तुमचे. म्हणून तर सुरुवातीचा तो क्रम. या वाटेने गेलात तर घरच्या ड्रमसाठी २५ हजारांतला जुना पॉप्लरचा सेटही पुरतो आणि उरलेले पैसे चांगल्या हाय-हॅटमध्ये घालता येतात. नव्या स्किनही मग एकट्या स्नेअरपुरत्याच घ्या आणि टॉमचे ते पैसे जाळीकडे वळवा.

चार इनपुटमध्ये रेकॉर्डिंग आरामात होतं. किकला एक, स्नेअरला एक शुअर एसएम५७, आणि दोन माइक पूर्ण सेटसाठी. इंग्लंडच्या ग्लिन जॉन्स या ध्वनिमुद्रकाच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी करा: एक माइक स्नेअरच्या वर साधारण चार फुटांवर, खाली बघणारा. दुसरा फ्लोअर टॉमच्या पलीकडे, टॉमपेक्षा थोडा वर, हाय-हॅटकडे तोंड करून. दोन्हींचं स्नेअरपासूनचं अंतर सारखं हवं. अंदाजाने नको. सुतळीचं टोक स्नेअरच्या मध्यावर कुणाला तरी धरायला सांगा, पहिल्या माइकपर्यंत ताणून गाठ मारा, आणि दुसरा माइक त्याच गाठीवर आणा. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. दुसरा माइक १७ सेंटीमीटर जरी लांब राहिला तर अर्ध्या मिलिसेकंदाचा फरक पडतो आणि दोन्ही एकत्र ऐकताना १००० हर्ट्झच्या आसपास स्नेअरला खड्डा पडतो. मग लोक तो इक्वलायझरने भरायला बसतात. छत नऊ-साडेनऊ फुटांवर असेल तर वरच्या माइकच्या डोक्यावर छताला एक गादी टांगता आली तर बघा. सिंबलचा छतावरून परतणारा आवाज हीच घरगुती रेकॉर्डिंगची ओळख असते. शेवटी किकची फेज (आवाजाच्या लहरीची दिशा) उलटी करून दोन्ही प्रकारे ऐका आणि जिथे तळ भरदार वाटेल ते ठेवा.

ऑक्टोपॅडवरून येताय म्हणून एक खास तुमच्यासाठी. पॅडवर हाय-हॅट कितीही जोरात मारला तरी आवाजाची पातळी मशीनमध्ये ठरवता येते. इथे ती तुमच्या मनगटात आहे. पॅडवाले सुरुवातीला हाय-हॅट ठोकतात आणि पायाने किक नुसता चाटून जातात, कारण पायाची सवय नसते. मोबाइल सेटसमोर सहा फुटांवर ठेवून एक मिनिट रेकॉर्ड करा. त्यात किक आणि स्नेअर हाय-हॅटच्या पुढे ऐकू आले पाहिजेत. ते येत नाहीत तोवर माइक लावण्यात अर्थ नाही.

आणि डबल पेडल? आत्ता नको. स्वस्तातल्या डबल पेडलची डावी बाजू ढिली असते, मधला दांडा आवाज करतो, आणि तुमच्या गाण्यांना ते लागतच नाही. त्याच पैशांत एक चांगलं सिंगल पेडल येतं, त्यावर उजव्या पायाचे सोळांशाचे जोडघाव मिनिटाला ८० ठोक्यांच्या लयीत सुटे, सारख्या वजनाचे यायला लागले की पुन्हा विचारा.